ओढणीला अडकणारी कड

ती. काकांना, सा. न.

गिटारच्या तारा छेडायच्या छोट्या चकत्या, म्हणजे पिकं, मी करून विकते. त्यांच्या पॅकेटवर तुमचं नाव छापू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही हात झटकलेत. "गिटारवर चष्मेवाल्याचं नाव कशाला?" म्हणून इथेही ते लिहीत नाही. लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीतले काका, एवढं पुरे. सूनबाई हे मोबाइलवर वाचून दाखवतील, तेव्हा अक्षर बारीक आहे म्हणून कुरकुर करू नका. त्यावर तुमच्याच दुकानात इलाज आहे.

मी आले होते चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला. काउंटरच्या टोकाला बिस्किटांच्या जुन्या डब्यात काचांचा ढीग दिसला. नव्या फ्रेममध्ये येतात त्या बिननंबरच्या डेमो लेन्स, कोपऱ्यात कंपनीचं नाव छापलेल्या. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच बसली की या निघाल्या कचऱ्यात. "ह्या मला द्याल? गिटारची पिकं करते," मी म्हटलं. तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "कसली पिकं? पाऊस कुठाय?"

तेव्हा मी बॅगेतून माझा माल काढून दाखवला. वर्षभराचा खटाटोप होता तो. सुरुवात बाबांच्या मुदत संपलेल्या डेबिट कार्डापासून. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे मीडियम पिकाच्या अगदी जवळची. पिकाच्या आकाराचा तुकडा कापणाऱ्या हातपंचानं दाबलं की पिक तयार. पण कार्डाचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ, तासभर दणकून वाजवलं की टोक बोथट. शिवाय पहिल्या लॉटमधल्या एका पिकावर कार्डनंबरातले चार आकडे तसेच राहिले आणि ते मी विकूनही मोकळी झाले. (बाबांना हे अजून माहीत नाही. आता कळेल.) मग सीडी. पॉलिकार्बोनेट, १.२ मिलिमीटर, मस्त कडक, पण वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटायचा आणि कडेला बारीक चिरा पडायच्या. मग बाटल्यांची झाकणं इस्त्रीखाली वितळवून पाहिली. रंग काय सुरेख उतरले! पण झाकणांचं ते प्लास्टिक, एचडीपीई, मेणचट, बोटातून सटकतं. त्यात आईची इस्त्री गेली ती वेगळीच.

तुम्ही सगळं निवांत पाहिलंत, एक पिक उचललंत आणि म्हणालात, "ओढणी दे तुझी." ओढणीच्या पदरावरून कड फिरवलीत. धागा अडकला आणि निघालाच. "दिसायला गुळगुळीत आहे. तारेलाही असंच अडकत असणार." मी म्हटलं, टाकाऊ मालातून केलंय काका, थोडं चालायचंच. त्यावर तुमचा आवाज जरा चढला. "ते कौतुक घरी. काच नाकाला टोचली तर गिऱ्हाईक विचारत नाही ती कशाची केलीय."

मला ते झोंबलं, कारण वर्मी बसलं होतं. एका वाद्यांच्या दुकानानं माझी पन्नास पिकं विकल्यावर पैसे या बोलीवर ठेवून घेतली होती आणि चार महिन्यांनी जवळजवळ तेवढीच परत केली होती. गिटार क्लासच्या एका सरांनी तर दोन मिनिटं वाजवून "तारेवर खरखर येते गं" म्हणत पिक माझ्या हातात ठेवलं होतं. मी मनात म्हणत होते, लोकांना पर्यावरणाची पडलेली नाही. तुम्हाला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, तरी दुखणं अर्ध्या मिनिटात सापडलं.

पुढचे सात शनिवार तुम्ही मला दुपारी एक ते चार शिकवलंत. पुण्यात दुकानदाराचे हे तीन तास म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. शटर अर्धं खाली, पंखा फुल, आणि वामकुक्षीच्या वेळेला तुम्ही माझ्यासाठी स्टुलावर बसलेले.

आधी कान तयार केलेत. डेमो लेन्स काउंटरच्या काचेवर टाकायची. ॲक्रिलिकचा आवाज वेगळा, पॉलिकार्बोनेटचा वेगळा. ॲक्रिलिक थंड असताना पंचमध्ये घातली की फुटते, म्हणून फ्रेम वाकवायच्या तुमच्या हीटरवर धरून आधी नरम करायची, मग कापायची. कापून उरतो तो मूळचा किंचित बाक. मला तो सपाट करायचा होता. "राहू दे," म्हणालात, "अंगठा बसेल त्यात." बसतो! बोटांची ऊब लागली की ते पिक पकडीतही छान राहतं.

मग कड. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासकागद, ओला करून आधी ४०० नंबरचा, त्यानंतर आणखी बारीक ८००, त्यानंतर १५००. दोन्ही बाजूंनी उतार सारखा, जसा फ्रेमच्या खाचेत बसणाऱ्या काचेला देतात तसा. शेवटी बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी. तिथे मी हमखास दाबायचे, प्लास्टिक तापून कड ओघळायची, आणि तुम्ही न बघता नुसत्या वासावरून म्हणायचात, "जाळलंस." टेकवायचं, एक-दोन मोजायचं, उचलायचं. हे हाताला समजायला तीन शनिवार गेले. तुम्ही नको म्हणत असताना जुन्या फ्रेमची काडी पंचमध्ये घातली तो दिवसही आठवत असेल. काडीच्या पोटात तार असते. पंचाची धार गेली, आणि तुम्ही पाठ फिरवून हसलात.

त्या दुपारी सांगायची राहिलेली एक गोष्ट आता सांगते. पूर्वी चांगली पिकं हॉक्सबिल कासवाच्या कवचाची करत, आणि चष्म्याच्या उंची फ्रेमही त्याच कवचाच्या. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रेआ यांनी सेल्युलॉइडची पिकं करायला घेतली. रंग कासवाच्या कवचाचा, माल कारखान्यातला. चष्म्यांच्या फ्रेमही तेव्हा सेल्युलॉइडच्या होऊ लागल्या होत्या. पुढे १९७०च्या दशकात या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी आली. तुमच्या शोकेसमधल्या तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांच्या फ्रेम आणि गिटारवाल्यांची ठिपकेवाली पिकं एकाच कासवाची नक्कल आहेत, काका. म्हणजे आपलं नातं जुनं निघालं.

आता विक्रीचं. एक पिक चाळीस रुपयांना देते. खरखर म्हणणाऱ्या सरांकडे पुन्हा गेले. त्यांनी खूप वेळ वाजवलं, बोलले काहीच नाहीत, दहा घेतली. काहींना तो बाक अजिबात रुचत नाही, त्यांना मी आग्रह करत नाही. आणि "झिजल्यावर हे जातं कुठे?" असं तुम्ही विचारलं होतंत, तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. जे झिजतं त्याचं पुढे काय करायचं, ते अजूनही सुचलेलं नाही. पण उरलेलं परत घेते. टोक गेलेलं मोठं पिक घासून त्याचं लहान, जॅझवाले वापरतात तसं पिक होतं. तीन जुनी आणली की एक असं घासलेलं फुकट.

प्रत्येक पिक अजून ओढणीवरून फिरवते. त्या ओढणीचा एक पदर पार विस्कटलाय, आईनं ती पायपुसण्यात टाकली होती, मी परत काढली.

या शनिवारी येते. तुमच्या बफचं कापड माझ्यामुळेच फाटलंय, नवं आणलंय. डबा भरला असेल तर ठेवून द्या. आणि यायला चारनंतर येईन, आता तुम्ही झोपा.

तुमची,
पिकंवाली