मुक्ताला, तळ उभा राहण्याआधी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू शूटिंगला निघताना दारात जे बोललो ते बोलायला नको होतं. तुझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. म्हणून आगीचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुमचा तळ पानिपतचा. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपर्यंत भाऊसाहेबांची छावणी तिथं दोन-अडीच महिने अडकून पडली होती. ती कालच उभारल्यासारखी कोरी दिसली की सगळं फसलं. कनातीची खालची वीतभर पट्टी मातकट हवी, राहुट्यांना ठिगळं हवीत, चुलींपाशी राखेचे ढीग हवेत. रसद तुटलेली होती, तेव्हा भरल्या गोण्या रचू नका, रिकाम्या टाका. गुबगुबीत घोडी पुढे बांधू नका. आणि माळावरचं गाजरगवत आधी उपटा, ते आपल्याकडे पसरलं १९५० नंतर.

मांजरपाटाची खळ आधी धुऊन काढा, नाहीतर काथाचा रंग डागाडागानं बसतो. रंग वाळला की मगच बोरॅक्सचं पाणी: दहा लिटरला सातशे ग्रॅम बोरॅक्स, तीनशे ग्रॅम बोरिक पावडर. गरम पाण्यात विरघळव, कापड पुरतं भिजव, न पिळता वाळव. क्रम उलटा केलास तर सगळं धुऊन जाईल. अवकाळी सर आली तरी पुन्हा भिजवावं लागेल. त्यानं कापड भडकत नाही, पण जळायचं राहत नाही, हे विसरू नकोस.

बघ, आलोच आगीवर.

सुती दोर दवानं आखडतात. रात्री ढिले केले नाहीत तर पहाटे मेखा उपटतात, नाहीतर कापड काजापाशी फाटतं. मेख दोनतृतीयांश जमिनीत, डोकं राहुटीपासून बाहेर कललेलं. हे तुला काय सांगायचं! पाच वर्षांची असताना घडी घातलेल्या कनातीवर झोपायचीस, उठलीस की गालावर शिवणीचा वळ असायचा. आता मांडववाल्याची पोर भाऊसाहेबांचा डेरा उभा करते, हे दुकानात येईल त्याला सांगतो. नानांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसरा चहा मागितला.

मशाली राहुट्यांच्या वाऱ्याखालच्या अंगालाच रोवा, ठिणगी कापडाकडे उडायला नको. संध्याकाळी वारा फिरतो, तेव्हा प्रत्येक शॉटआधी चिमूटभर राख उडवून बघ. राहुट्यांभोवती दहा फूट गवत खरवडून काढा. पाणी रांजणांत भरून ठेवा, ते त्या काळाचेच, लपवावे लागत नाहीत. शेजारी भिजवलेली गोणपाटं. विझवलेली मशाल वाळूतच खुपसा. घाई असली, दिग्दर्शक ओरडला, तरीही.

पुन्हा तेच झालं. रागावू नकोस. काम तुझं आहे, तुला कळतं.

बोरिकची पाच किलोची पिशवी आणि माझी बाभळीची मोगरी उद्याच्या पहिल्या गाडीनं वाईला पाठवतोय. स्टँडवर कोणाला तरी पाठव. पोचली की रात्री कितीही वाजले तरी फोन कर, मी जागाच असेन.

तुझे बाबा