हवेतल्या पाण्याचा हिशेब

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी विज्ञानकथा दोनदा वाचली. लातूरजवळचं गाव, मे महिना, हवेतून पाणी काढणारं कपाटाएवढं यंत्र. यंत्र पटलं. त्यानं एका रात्रीत लाख लिटरची टाकी भरली, तिथं मात्र अडलो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या 10 वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर होतं. तुझ्या कपाटातून रात्रीत दोन वाघिणी निघाल्या! विज्ञानकथेत एक गृहीतक वाचक खुशाल मान्य करतो, पुढं मात्र तो पै-पैचा हिशेब मागतो.

हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर घनमीटरभर हवेत जेमतेम 10 ग्रॅम वाफ असते. हवा 13 अंशांखाली गेल्याशिवाय थेंब धरत नाही. म्हणून तर मे महिन्यात माठातलं पाणी घेतलेला तांब्या बाहेरून कोरडा राहतो आणि फ्रिजमधल्या बाटलीला लगेच घाम फुटतो. हवा 5 अंशांपर्यंत थंड केलीस तरी घनमीटरमागे 4 ग्रॅम हाती लागतील. म्हणजे लिटरला 250 घनमीटर हवा आणि भर दुपारी साधारण एक युनिट वीज. हवा गार करणारी कॉइल शून्याखाली नेली की तिच्यावर बर्फ धरतो, हवा अडते. धुळीनं फिल्टर तुंबतो, ते वेगळंच.

पहाटे वाफ जवळपास तेवढीच असते, पण हवा मुळात गार, त्यामुळं वीज कमी लागते. यंत्र तेव्हाच चालव.

वाफ शोषणारा नवा पदार्थ कल्पिलास तरी चालेल. औषधाच्या डबीतली सिलिका जेलची पुडी तेच करते, वीजही वाचेल. पण हवेत 10 ग्रॅमच असतील तर लिटरला किमान 100 घनमीटर हवा लागणारच. हा आकडा कोणत्याही शोधानं हलत नाही, त्याला हात लावू नकोस.

लाख लिटर सोड. 2000 वस्तीला माणशी 5 लिटर पिण्याचं धर: 10 हजार लिटर, दुपारच्या हिशेबानं फार तर 10 हजार युनिट. किलोवॅटभर सौर पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे अडीच मेगावॅट, दहाएक एकर रान. ते कुणाचं? तुझी सरपंचबाई कथाभर नुसती यंत्राकडं बघत बसते. रान तिच्या जावेचं कर, दोघींना बोलू दे.

आणि रात्रीत 25 लाख घनमीटर हवा ओढणाऱ्या पंख्यांची घरघर गावभर ऐकू येईल. तुझ्या गावात ती कुणालाच ऐकू येत नाही.

तुझे बाबा