झेक बालपट म्हणजे केवळ ॲनिमेशन नव्हे

रविवार पुरवणीतील बालचित्रपटांवरील लेखात झेक परंपरेची ओळख फक्त ॲनिमेशनपुरती ठेवली आहे, हे पटले नाही. त्र्नका आणि झेमान हे ॲनिमेशनपट करणारे झेक दिग्दर्शक थोरच. पण ओल्ड्रिख लिप्स्की यांचा १९७७ चा ‘आत् झियी दुखोवे’ (भुतांचा विजय असो) वगळून हे चित्र पुरे होत नाही. पडक्या किल्ल्याची डागडुजी करायला निघालेली मुले, तिथल्या सरदाराचे भूत आणि त्याची लेक लिओन्टिन्का यांची ही धमाल, गाण्यांनी भरलेली गोष्ट. यात भूत मुलांना घाबरवत नाही, आणि मुलेही मोठ्यांच्या हुकमाची वाट पाहत बसत नाहीत.

महत्त्वाचे म्हणजे हा चित्रपट कोणी उमेदवारी करणाऱ्यांनी केलेला नाही. लिप्स्की तेव्हा विनोदी चित्रपटांचे नावाजलेले दिग्दर्शक होते. पटकथेत झ्देन्येक स्व्येराक यांचा हात होता. पुढे ‘कोल्या’ या त्यांनीच लिहिलेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. सरदाराच्या भूमिकेत यिर्झी सोवाक यांच्यासारखा मातब्बर नट होता. मुलांसाठीचे काम दुय्यम न मानता आघाडीच्या कलावंतांनी ते मनापासून केले, हेच झेक बालपटांचे खरे बळ आहे. पुढील लेखात त्याची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे