मुलांनी मोजलेला पाऊसही छापावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नागपूर आवृत्तीत गेल्या आठवड्यात आमच्या नंदनवन भागातील एका मराठी प्राथमिक शाळेच्या गुणगौरव सोहळ्याची बातमी वाचली. बातमी खरी होती, छायाचित्रही स्पष्ट होते. मात्र अकरा ओळींपैकी सात ओळी मंचावरील मान्यवरांची नावे आणि पदे यांतच खर्ची पडल्या होत्या. उरलेल्या चार ओळींत ‘विद्यार्थ्यांनी विविध क्षेत्रांत नेत्रदीपक यश संपादन केले’ यापलीकडे काही हाती लागले नाही. माझी नात त्या शाळेत चौथीत आहे आणि तिला सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने मी जवळजवळ रोज तेथे जातो. म्हणून बातमीत जे राहून गेले ते कळवावे, असे वाटले.

शिष्यवृत्ती परीक्षेत दोन मुली गुणवत्ता यादीत आल्या आणि गेल्या हिवाळ्यात केंद्रस्तरीय स्पर्धेत शाळेने लंगडीत पहिला क्रमांक मिळवला, ही दोन्ही यशे कौतुकाचीच आहेत. तीनशे गुणांच्या त्या परीक्षेसाठी मुली किती राबल्या, हे मी पाहिले आहे. पण या शाळेतील ज्या कामाने मला सर्वांत जास्त थक्क केले, त्याचा उल्लेख सोहळ्यातही झाला नाही. कदाचित त्याला ढाल किंवा प्रमाणपत्र नसल्यामुळे.

यंदा चौथीच्या मुलांनी संपूर्ण पावसाळा रोजचा पाऊस मोजला. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे जूनमधल्या पहिल्या सरी हुकल्या आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर मुलांनी ‘शाळा सुरू झाल्यापासून’ असे प्रामाणिकपणे लिहिले. साधन म्हणाल तर थंड पेयाची रिकामी प्लास्टिकची बाटली. तिचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा आत बसवला, म्हणजे साचलेले पाणी सहजी उडून जात नाही. बाटलीचा तळ उंचसखल असल्याने खालून मोजणे चुकीचे ठरते. तेव्हा तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरले आणि तेथेच पट्टीचा शून्य धरला. हा शून्य कोठे धरायचा, यावर वर्गात दोन दिवस वाद चालला होता, असे नात सांगते. पहिला आठवडा बाटली कडुनिंबाखाली होती. झाडाने अडवलेले पाणी आपल्या हिशेबात येत नाही, हे ध्यानात आल्यावर ती मैदानाच्या मध्यभागी विटांच्या आधाराने उभी करण्यात आली आणि त्या आठवड्याच्या नोंदींवर लाल शाईने ‘झाडाखाली’ असा शेरा पडला.

हवामान खाते सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते, म्हणून मुलांनीही तीच वेळ ठरवली. शाळेची घंटा नऊची. तरीही पाळीची दोन मुले अर्धा तास आधी छत्री घेऊन हजर असत, आणि रविवारी शाळेमागे राहणारा एक मुलगा मोजणी करत असे.

आपल्या वृत्तपत्राचा संबंध येथेच येतो. मुले आपल्या अंकातील शहराच्या पावसाचा आकडा कापून नोंदवहीत आपल्या आकड्याशेजारी चिकटवत. दोन्हींचा मेळ बसेना. आमच्याकडे गुडघाभर पाणी साचलेल्या दिवशी अंकात नाममात्र पाऊस असे, तर कधी नेमके उलट. ‘पेपरवाल्यांची चूक’ असा निकाल वर्गाने तत्काळ दिला, परंतु शिक्षिकांनी आधी आपली बाटली तपासायला सांगितली. शेजारी दुसरी बाटली ठेवून पाहिली, तर दोन्हींत सारखेच पाणी. मग उलगडा झाला, की शहराचा म्हणून छापला जाणारा आकडा सोनेगावच्या विमानतळावरील वेधशाळेचा असतो आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. शिवाय अंकात कधी सकाळी साडेआठपर्यंतचा, तर कधी सायंकाळी साडेपाचपर्यंतचा पाऊस छापलेला असतो, आणि कोणता ते नेहमी लिहिलेले नसते. हा दोष दहा वर्षांच्या मुलांनी शोधला, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पोळ्याला लागून सुट्टी आली तेव्हाची गोष्ट. मोजणी करणारा मुलगा मामाच्या गावी गेला, बाकीचे लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्यात रमले, आणि बाटलीकडे कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी बाटलीत 34 मिलिमीटर पाणी होते. मी चाळीस वर्षे सरकारी कार्यालयात लेखापाल होतो. रकाना रिकामा दिसला की माझा हात शिवशिवतो. मी सुचवले, की अंकातले आकडे पाहून त्या प्रमाणात तीन दिवसांत वाटून टाका. त्यावर एक मुलगा शांतपणे म्हणाला, “आबाजी, मोजलंच नाही, तर लिहाचं काय?” त्यांनी दोन रकाने कोरे ठेवले आणि तिसऱ्यात लिहिले, ‘तीन दिवसांचा मिळून 34’. हिशेब जुळवण्यासाठी मोठी माणसे काय काय करतात हे पाहण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे ते कोरे रकाने मला लंगडीच्या ढालीपेक्षा मोठे वाटले.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमच्या बाटलीची पट्टी वीस सेंटिमीटरची आहे. त्या पहाटे ती अर्धी भरली असती, हे मुलांनी स्वतःच काढले. तीच नाग नदी पुढे आमच्या पूर्व नागपुरातून वाहते, आणि येथे किती पाऊस पडला हे सोनेगावच्या एका आकड्यावरून कळत नाही, हे तर मुलांच्या नोंदवहीतच दिसते.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पावसाच्या आकड्यासोबत ठिकाण आणि वेळ नेमाने छापावी. आणि पुढील पावसाळ्यात निरनिराळ्या भागांतील शाळांनी मोजलेल्या पावसासाठी स्थानिक पानावर दोन बोटे जागा द्यावी. ती मान्यवरांच्या यादीतून सहज निघेल. आकडा चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुरुस्तीही छापावी, मुलांना त्याचे वावडे नाही.

नोंदवही चौथीच्या वर्गात खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली असते. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही, त्यामुळे आपला प्रतिनिधी येणार असेल तर त्याने साडेआठच्या आत यावे. त्यानंतर बाटली रिकामी करतात.

आपला,
एक नियमित वाचक (निवृत्त लेखापाल)
नंदनवन, नागपूर