अणूला आठाचा हट्ट नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतला आयनांवरचा (इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून भारित झालेल्या अणूंवरचा) लेख वाचला. ‘बाह्यतम कक्षेत आठ इलेक्ट्रॉन व्हावेत म्हणून सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो’ असं त्यात म्हटलं आहे. मुलं हे वाक्य पाठ करतात आणि पुढे लोखंडापाशी अडकतात. रसायनशास्त्र शिकवताना हे वर्षानुवर्षं पाहत आले, म्हणून हा पत्रप्रपंच.

सोडियम आपणहून काहीच देत नाही. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायलाही मोलमागे (अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीन तो घेतो तेव्हा ३४९ परत मिळतात, म्हणजे व्यवहार अजून तोट्यातच. फायदा होतो तो दोन्ही आयन स्फटिकात एकत्र येताना. तिथे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन मात्र आतल्या कक्षेतला. त्याला ४५६२ लागतात आणि एवढी भरपाई कोणताच स्फटिक करत नाही. मॅग्नेशिअमचे पहिले दोन ७३८ आणि १४५१ ला निघतात, तिसरा थेट ७७३३ ला. म्हणून तो +२ वर, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावून, थांबतो.

लोखंडात अशी मोठी उडी लवकर येत नाही. आधी सर्वांत बाहेरच्या, चौथ्या कक्षेतल्या ४एस उपकक्षेमधले दोन इलेक्ट्रॉन जातात (तिसऱ्या कक्षेतल्या ३डी मधले नव्हे, इथे हुशार मुलंही चुकतात) आणि +२ आयन मिळतो. ३डी मधला आणखी एक काढायला २९५७ लागतात. महागच, पण भोवतालचे ऋण आयन किंवा पाण्याचे रेणू ती भरपाई करू शकतात, म्हणून +३ सुद्धा होतो. बाह्यतम कक्षेत +२ मध्ये चौदा इलेक्ट्रॉन उरतात, +३ मध्ये तेरा. आठाचा संबंधच नाही.

हे डोळ्यांनी दिसतं. फेरस सल्फेटच्या (+२ लोखंडाच्या क्षाराच्या) ताज्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की मळकट हिरवा साका येतो. परीक्षानळी तशीच स्टँडला राहू द्या. हवेला लागून असलेली वरची कड आधी तपकिरी होते, मग रंग हळूहळू खाली उतरतो. हवेतला ऑक्सिजन +२ चं +३ करत असतो. वर्गात हे दाखवलं की फेरस-फेरिक (+२ आणि +३) पुन्हा समजावावं लागत नाही.

पुढच्या भागात सोडियम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम आणि लोखंड यांच्या पहिल्या चार आयनीकरण ऊर्जांचा (एकेक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जांचा) तक्ता कृपया छापावा. आकडा कुठे एकदम उसळतो, ते मुलांनाच शोधू द्यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका