तळ्याकाठी घर बांधताय, मग आधी तिथला लिंब बघा

संपादक साहेब,

मागच्या रविवारी हिप्परगा तलावाकडं गेलो होतो, वाटेत एक नवा बंगला दिसला, पुढनं सगळी काच, पांढराशुभ्र रंग, आणि प्लॉट सपाट करायला दोन जुने लिंब बुडापासनं कापलेले. बुंध्यावर डिंक अजून ओला होता, बघून पोटात कालवलं. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 ला जातो, तिथं पश्चिमेला एवढी काच म्हणजे घर नाही भट्टी, मग दिवसभर एसी चालूच.

श्रीलंकेत जेफ्री बावा या आर्किटेक्टनी कंदलमा तलावाजवळ हॉटेल बांधलं, डोंगराच्या कडेला, खांबांवर उचलून, म्हणजे पावसाचं पाणी खालनं निघून जातं, आणि वेलींनी इमारत अशी झाकलीय की लांबनं जंगलच वाटतं.

आपल्याला एवढं मोठं नकोच. आपल्या आज्याच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात काय कमी होतं, हात-दीड हात जाड दगडमातीच्या भिंती, लहान खिडक्या, मधे चौक, भर दुपारी आत गार. तेच घ्या की नव्या डिझाईनमध्ये, रंग मातीचा ठेवा, झाड मधे आलं तर व्हरांडा वळवा, झाड तोडू नका. रात्री तळ्याकडं हॅलोजन सोडू नका, पाणपक्षी असतात तिथं. शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी मुरवायचा खड्डा, तर काठापासनं लांबच पाहिजे.

बांधकाम परवानगी देतानाच प्लॉटवरच्या झाडांचा नकाशा मागून घ्यावा, एवढी विनंती आहे.

एक वाचक, सोलापूर