वाळूची ओल

बेळगाव
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई यांना सप्रेम सलाम.

बेळगावहून खानापूर म्हणजे माझ्याच गाडीची एक फेरी. तरी ही पोरगी पत्र का लिहीत बसली, असं आईला वाटेल. काही झालेलं नाही, आधीच सांगते. फोन केला की बाबा तीन शब्दांत आटपतात: बरं हाय, जेवलो, ठेवतो. समोर आले की मी भांडते आणि आई मध्येच चहा ठेवायला उठते. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, आणि बाबा चष्मा लावून सगळं शेवटपर्यंत वाचतात हे मला माहीत आहे.

आजही कंडक्टरची ड्यूटी होती. सकाळची चर्चमधली उपासना चुकली, हे सलग तिसऱ्या रविवारी. आई, ओरडू नकोस. पहिल्या फेरीला पिरनवाडीच्या पुढे गाडी जरा रिकामी झाली तेव्हा मनातल्या मनात एक गीत म्हटलं. तेवढ्यात मच्छे आलं.

आता मुद्द्याचं.

बाबा, पावसाळ्यात तुमच्या छातीत दुखत होतं. अकरा दिवस. आईला "पित्त झालंय" म्हणून सांगितलंत. मला फोनवर "बरं हाय". बाराव्या दिवशी जिना चढताना बसलात, शेजारच्यांनी रिक्षा बोलावली, आणि मला कळलं तेव्हा माझी गाडी गणेबैलच्या नाक्यावर होती. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेंट बसला, तुम्ही घरी आलात, मंडळीतले लोक फळं घेऊन आले, उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. त्या प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि मी उघड्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघत होते. कारण मी विचारलं होतं, सांगितलं का नाहीत? आणि तुम्ही म्हणालात, "कशाला काळजी करतीस, देव बघून घेतोय की."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. फी भरायची असली की देव बघून घेतोय. घरमालकानं खोली सोडायला सांगितली की देव बघून घेतोय. आमच्या गाडीतही हेच चालतं. आषाढात पंढरपूरला निघालेले आजोबा "विठ्ठल बघतोय" म्हणतात, कन्नड बोलणारी मावशी पिशवी मांडीवर घेऊन "देवरिद्दाने", देव आहे, म्हणते. अख्खी गाडी देवाच्या भरवशावर चालली आहे आणि फक्त ड्रायव्हर तेवढा ब्रेक बघून निघतो.

दवाखान्यातली रात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. आई बाहेरच्या बाकावर पदर डोक्यावर घेऊन पुटपुटत होती आणि मी भिंतीला टेकून उभी होते. मी प्रार्थना केली नाही. करता आली नाही असं नव्हे, केली नाही. रागच इतका होता. देवावर कमी, तुमच्यावर जास्त. आणि दोघांना वेगळं काढायला जमेना, कारण तुम्ही प्रत्येक ठिकाणी त्यालाच पुढे करत आलात. पहाटे आईचे शब्द ऐकू आले. ती म्हणत होती, "आजची रात्र दे. आजची दे." तेवढंच. वर्षं मागत नव्हती. मी चिडून म्हटलं, मागायचंच तर पुरतं माग की! आईनं वर बघितलं आणि म्हणाली, "रानात देवानं रोज आकाशातनं दिलेलं अन्न, मान्ना, उद्यासाठी ठेवलेल्यांच्या भांड्यात किडे पडले, रविवारच्या शब्बाथशाळेत शिकली नाहीस काय?"

आई, पहाटे चार वाजता, नवरा आत असताना, तुला हे सुचलं. मला हसू आलं आणि रडूही. आपल्या प्रार्थनेतसुद्धा रोजची भाकर आहे आणि तीही आजच्यापुरती, हे मी हजार वेळा म्हटलं असेल. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कशी वातड होते हे माहीत असलेल्या माणसालाच ती ओळ नीट कळत असणार.

पण आईचा भरवसा आणि बाबांचा भरवसा एक नाही, हे मला त्या रात्री कळलं. ते सांगायला हे पत्र.

बाबा, आठवतंय? सुट्टीत मी उद्यमबागला तुमचा डबा घेऊन यायची. फाउंड्रीच्या दारात उभं राहिलं तरी तोंडावर झळ यायची. तुम्ही मोल्डिंगला होतात. साच्याच्या पेटीत वाळू भरायच्या आधी मूठभर घेऊन दाबायचात, मूठ उघडायचात आणि त्या गोळ्याकडे बघायचात. बोटांचे ठसे नीट उठले, मोडल्यावर गोळ्याचे दोनच तुकडे झाले, तर चालेल. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटली तर पाणी जास्त. मी विचारलं होतं, जास्त झालं तर काय होतंय? तुम्ही म्हणालात, "वाफ अडकते, कास्टिंगला भोकं पडतात. बाहेरनं दिसत न्हाई. मशीनवर गेल्यावर कळतंय, तवर उशीर झालेला असतोय." मग तुम्ही कोपऱ्यातला एक रिजेक्ट झालेला माल दाखवलात. वरून गुळगुळीत, आणि कापलेल्या बाजूला पावासारखी भोकं.

आणि ओतल्यावर? चौदाशे अंशांच्या आसपासचा तो लाल रस साच्यात गेला की तुम्ही मागे सरायचात. पेटी उघडायची नाही. घाई करून उघडली तर लोखंड कडक होतं, तडकतं. निवायला लागतील तितके तास द्यायचे. मी म्हटलं, आत काय चाललंय कसं कळणार? तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता आपल्या हातात काय न्हाई. देव बघून घेतोय."

बाबा, तिथे ते वाक्य बरोबर होतं! ओतून झाल्यावरचं वाक्य आहे ते. वाळू दाबून बघण्याच्या वेळी तुम्ही ते एकदाही म्हटलं नाहीत. इतकी वर्षं नोकरी केलीत, ओल बघायचं काम तुम्ही देवावर सोडलं नाहीत. मग छातीतली कळ का सोडलीत? अकरा दिवस म्हणजे मूठ न उघडताच पेटी भरली.

तुम्ही म्हणाल, पोरगी शिकवायला लागली. शिकवते. तुम्हीच रोज संध्याकाळी वाचून दाखवायचात, त्यातलंच परत करते. हिज्कीया राजा मरायला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवानं त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. पुढे काय होतं? यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर लावा. देवाचा शब्द मिळालेला असताना लेप! शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, ते तर तुम्ही पाळकसाहेब नसताना मोठ्यानं वाचता. आणि सैतानानं प्रभूला मंदिराच्या टोकावर उभं करून म्हटलं, टाक उडी, देवदूत झेलतील. प्रभूनं उडी टाकली नाही. बापावर त्याचा भरवसा कमी होता म्हणून नव्हे. वचन पाठ असलेला तिथे सैतानही होता.

हे मी तुम्हाला दवाखान्यातच सांगणार होते, पण तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. भांडणालासुद्धा वेळ बघावी लागते.

आता माझं. तुम्ही विचारलं नाहीत, पण आईला शंका आहे, म्हणून सांगते. त्यानंतर दोन-अडीच महिने मी प्रार्थना केली नाही. उपासना चुकायची ती ड्यूटीमुळे, पण ड्यूटी बदलून मागता आली असती. मागितली नाही. पोराला झोपवताना त्याला "तूच म्हण" म्हणायची आणि आपण पंखा बघत बसायची.

ते परत आलं ते एका आज्जीमुळे. इदलहोंडला चढली. कर्नाटकातल्या बायकांना बसचा प्रवास मोफत होऊन, म्हणजे जून २०२३ पासून, कितीतरी दिवस झालेत, पण ही बहुधा घराबाहेरच पडली नव्हती. पदराची गाठ सोडून नोट काढली. मी म्हटलं, आज्जी, पैसे नकोत, आधारकार्ड दाखवा. तिला ते अपमानासारखं वाटलं. "फुकट कशाला बसू? मी काय मागून खाते काय?" मी तिला समजावलं, "फुकट न्हाई आज्जी, तुमचे पैसे दुसऱ्यानं भरलेत. पण तिकीट घ्यायलाच लागतंय. तिकीट न घेता बसून चालत न्हाई." मशीनमधून शून्याचं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि दोन सीट पुढे गेल्यावर मीच थबकले. हे मी कुठे ऐकलं होतं? शब्बाथशाळेत, कृपेच्या धड्याला, आठवीत: किंमत प्रभूनं भरली, आपण फक्त हात पुढे करून घ्यायचं. तेव्हा अक्षर कळलं नव्हतं.

पाळकसाहेबांना सांगू नका, पुढच्या रविवारी उपदेशात घालतील. आणि उपमा फार ताणलीत तर तुटते. हे पैसे सरकार भरतं, म्हणजे शेवटी आपणच. शिवाय कोल्हापूरचं आधार असलेली बाई चढली की तिला पूर्ण तिकीट फाडावं लागतं. सीमेवर कृपेलाही पत्ता लागतो! पण त्या आज्जीनं उतरेपर्यंत ते तिकीट मुठीत गच्च धरलं होतं. मला इतकं शरमल्यासारखं झालं. मी अडीच महिने पैसे द्यायलाच निघाले होते: देवा, तू बाबांना असं का केलंस ते सांग, मग मी प्रार्थना करीन. त्या रात्री पोराबरोबर म्हटली. फार काही नाही. आईचीच उसनी घेतली: आजची दे.

अजून माझ्या मनात सगळं सरळ झालेलं नाही. तुमच्यासारखं मला जमत नाही, जमेल असंही वाटत नाही. पण गाडीत कुणी नाव विचारलं आणि मग "ख्रिश्चन असून मराठी कसं?" म्हणून बघत राहिलं, की मी तुम्ही पाठ करून घेतलेलं उत्तर देते: लंडन मिशनचे टेलरसाहेब १८२० साली बेळगावात आले, १९०४ साली ते काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं, आणि आम्ही कुठून आलो नाही, इथलेच. परवा एक माळकरी आजोबा होते. त्यांना मी सांगितलं, आमचे बाबा टिळकांची भजनं पेटीवर म्हणतात. त्यांना लोकमान्य वाटले. मी म्हटलं, नव्हे, नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झालेले, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. आजोबा खूश झाले. म्हणाले, "मग पूल आमचाच की!" खानापूर येईपर्यंत त्यांचे अभंग आणि माझी तिकिटं. तुमची आठवण आली, बाबा. पेटीला अजून हात लावला नाहीत असं आई म्हणाली. भाता मारायला जोर लागतो म्हणून भिता का? डॉक्टरांना विचारू. पण लावायचा आहे.

आता कामाचं. सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी वेगवेगळ्या डब्यांत ठेवली आहे, आईनं दिवस मोजावेत, बाबांनी नव्हे. रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आहे. मलप्रभेच्या घाटापर्यंत फिरायला जा, पण पायऱ्या उतरू नका. छातीत, हातात, जबड्यात, कुठेही कळ आली तर आधी मला फोन, मग देवाला. देवाला चालेल, मी त्याला विचारलं आहे.

धाकटा नाताळला गोव्याहून येतो म्हणाला. त्याला यातलं काही सांगू नका, तो उगाच रात्रभर गाडी मारत येईल.

गुरुवारी माझी सुट्टी आहे. पहिल्या गाडीनं येते आणि तुम्हा दोघांना घेऊन परत बेळगावला, तपासणीला. आई, भाकऱ्या करून ठेवू नकोस, मी येऊन थापते. येताना दोघांचंही आधारकार्ड पिशवीत ठेव. तुझं तिकीट शून्याचं. बाबांना पैसे पडतात, तेव्हा सुट्टे घेऊन निघायला सांग. त्या गाडीवरचा कंडक्टर माझा ओळखीचा आहे, आणि सुट्ट्यावरून तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तुमची,
थोरली